वैद्याने मान वळवली

३ नोव्हेंबर, सोमवार

माणसांना लाज उरली नाही. दादरच्या फिल्म सोसायटीत म्हणे कोणीतरी सुचवलं की सिंहली सिनेमाची मराठी सबटायटल्स इंग्रजीवरून करून घेऊ, काम पटकन उरकेल. उरकेल! श्राद्ध उरकतात तसं. ज्याने हे सुचवलं त्याच्या घरी मी जेवायला जाणार नाही. आमटीसुद्धा दुसऱ्याच्या आमटीवरून करत असेल.

सोसायटीचा सेक्रेटरी धनेश परब मात्र शहाणा निघाला. थेट माझ्याकडे आला. "काका, 'वैद्याची लेक' सिंहलीतून मराठीत आणलेला माणूस गिरगावात बसलाय आणि आम्ही गूगल करायचं?" म्हणाला. मी हो म्हटलं. सिनेमा जुना, काळापांढरा, आता नव्याने स्वच्छ केलेला. ७ डिसेंबरला दादरला दाखवणार.

कोलंबोला जहाज कंपनीत होतो तेव्हा ही कादंबरी वाचली. गोदीतल्या लोकांशी बोलता यावं म्हणून भाषा शिकलो आणि पुस्तकांत अडकलो. पुढे मराठीत केली. प्रकाशक विचारायचे, श्रीलंकेचं कोण वाचणार? अरे, रशियाचं वाचता, फ्रान्सचं वाचता, इथे समुद्र म्हणजे उंबराच इतकं जवळचं शेजारघर आणि त्याचं वाङ्मय नको? शेवटी छापली एकाने. दोनतृतीयांश प्रती अजून त्याच्याकडेच आहेत.

आणि काय कादंबरी! नदीकाठचं गाव. म्हातारा वैद्य, तिकडे वेदमहत्तया म्हणतात, त्याची दृष्टी गेलेली. त्याची लेक सोमावती त्याचे डोळे झालेली. ताडपत्रं वाचून दाखवते, मुळ्या ओळखते, कुटते, काढे करते. पलीकडच्या काठावरचा करोलिस, होड्या बांधणारा, तिच्यात गुंतलेला. शेवटी तो फाटकाशी येऊन उभा राहतो. ती जात नाही. फाटकाचे आडवे बांबू एकेक करून लावते आणि काढा उतू चाललाय म्हणून आत वळते. संपलं. एक शब्द जास्त नाही. असा त्याग लिहायला छाती लागते.

धनेश म्हणाला, ऑफिसवर या, मोठ्या पडद्यावर पाहू. मी सांगितलं, बाबा रे, माझी बायको पद्मजा गेल्यापासून मला चक्कर येते. जिना एकट्याने उतरत नाही. माझी लेक नूपुर ऑफिसातून आली की हात धरून नाक्यापर्यंत नेते-आणते तेवढंच. तर तो म्हणाला, मीच लॅपटॉप घेऊन येतो. मी सांगायचं, नूपुर टाइप करणार, धनेश वेळा लावणार.

९ नोव्हेंबर, रविवार

सिनेमा पाहिला. सगळं लिहिणार.

धनेश सकाळीच आला. आल्या आल्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. परवा नूपुरची छत्री दुरुस्त करून आणली. पुस्तकावर इतकं प्रेम असलेला माणूस मी पाहिलेला नाही. लालबागचा, वडील गिरणीत, स्वतः माझगावला गोदीत जहाजांचे नकाशे काढतो. पण समज आहे. करोलिस होडीच्या फळ्या नारळाच्या दोरीने शिवतो ते पाहून म्हणाला, "काका, हा खराच होडीवाला आणलाय. नटाचे हात असे नसतात." मला आवडलं.

पहिला तास मी एकदाही ओरडलो नाही. सिंहलीत लिहायची भाषा वेगळी, बोलायची वेगळी. कादंबरीतली भारदस्त वाक्यं दिग्दर्शकाने गावच्या बोलीत आणली, तेही मी चालवून घेतलं. नूपुर दोनदा हसली. ती दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथे होतो, गल्लीत खेळायची तेव्हा सगळं सिंहलीतच चालायचं. विसरली असेल असं वाटलं होतं. धनेशला सांगत होती, अप्पच्ची म्हणजे बाबा.

मग शेवट. करोलिस फाटकाशी येतो. कॅमेरा त्याच्यावर नाही, तिच्यावर नाही. ओसरीवर बसलेल्या वैद्यावर! करोलिस वाट पाहतो, कोणी हाक मारत नाही, तो परत नदीकडे चालू लागतो. आणि वैद्याची मान हळूहळू वळते. तो जाईल तिकडे तिकडे. डोळे त्याच्या पाठीवर.

म्हणजे त्याला दिसतंय!

सोमावती दारात उभी. ती हे पाहते. म्हणते, "अप्पच्ची दॅक्का." बाबा, तुम्हाला दिसत होतं. एवढं बोलून उंबरा ओलांडते, फाटकाचे बांबू जमिनीवर टाकून देते आणि नदीकडे चालू लागते. वैद्य एकटा. सिनेमा संपला.

मी लॅपटॉपचं झाकण दाणकन आपटलं. धनेश म्हणाला, "काका, हळू, सोसायटीचा आहे." असू दे! एका थोर माणसाने जन्म घालवून एक पुस्तक लिहायचं आणि ह्या कॅमेरावाल्याने त्यातल्या म्हाताऱ्याला चोर ठरवायचं! आयत्या बिळावर नागोबा. लेखक सिनेमा यायच्या आधी वारला म्हणे. सुटला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अजून तेच डोक्यात आहे. मान वळते, मान वळते. कादंबरीच्या तीनशे पानांत कुठेही मान वळत नाही.

संध्याकाळी फिरताना नूपुर म्हणाली, "बाबा, त्याला दिसत नाही असं पुस्तकात लिहिलंय कुठे?"

म्हटलं, लिहिलंय काय, पानोपानी आहे. घरी आल्याबरोबर दाखवायला पुस्तक काढलं. 'मला दिसत नाही गं, असं वैद्य म्हणाला.' पुढे पुन्हा, 'मला दिसत नाही, असं म्हणून त्याने हात पुढे केला.' सगळीकडे असंच. तिने वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे तो सांगतो."

अगं, तो सांगतो म्हणजे झालं ना! स्वतःचं दुखणं माणूस स्वतः नाही सांगणार तर कोण सांगणार? साक्षीपुरावे आणायचे का? हल्लीच्या लोकांना कशावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. मी जेवलो नाही. मग तिने दहीभात कालवून आणला, तेव्हा थोडा खाल्ला.

१६ नोव्हेंबर, रविवार

विश्वासघात.

धनेश आज लॅपटॉपशिवाय आला. इस्त्रीचा शर्ट. खुर्चीच्या कडेवर बसला. "काका, सबटायटलचं नाहीये आज. जरा पर्सनल बोलायचं होतं. मी आणि नूपुर, म्हणजे आमचं ठरलंय. वर्षभर झालं. तिला वाटतं तुम्हाला त्रास होईल. मी म्हटलं, मी बोलतो, काकांना माणसं कळतात."

वर्षभर! म्हणजे नळ, छत्री, होडीच्या फळ्या, सगळं ह्यासाठी! आणि मी ह्याच्यासमोर तिसरं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवत होतो. झक मारली.

नूपुर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठायला गेलो आणि खोली फिरली. खरंच फिरली. खुर्ची धरली, तीही कलली. धनेशने धरलं, नूपुर पाणी घेऊन धावली. मग मला झोपवलं, दिवा मालवला, आणि तो हळू आवाजात काहीतरी बोलून निघून गेला. विषय तिथेच राहिला.

एकोणचाळीस वर्षांची मुलगी. मला लग्नाचं वावडं नाही. योग्य वेळी मीच पाहिलं असतं. आधी तिचं सीएचं चाललं होतं, मग पद्मजाचं आजारपण, मग ही माझी चक्कर. मध्ये वेळ होता कुठे?

२० नोव्हेंबर, गुरुवार

नूपुरने रजा काढून डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. कान, डोळे, मान, रक्त. तो पोरगेला डॉक्टर म्हणतो, "आजोबा, तुमचं बीपी माझ्यापेक्षा चांगलंय. मला काही सापडत नाही. रोज एकटे फिरा, सवय होईल." आजोबा! आणि सापडत नाही हा काय दोष माझा? तुला शोधता येत नाही म्हणून मला रोग नाही?

नूपुर घरी आल्यावर म्हणाली की धनेशला तिने थांबायला सांगितलंय. मला तिच्याबद्दल फार वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, तेही लिहितो. म्हटलं, "सोमावती आहेस तू माझी." तिने मान खाली घालून वाटाणे सोलायला घेतले.

असली मुलगी त्या दिग्दर्शकाने पाहिली नव्हती, म्हणून त्याला तसला शेवट सुचला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सबटायटल्स संपवली. धनेशला घरी येऊ नको म्हटलं; तो फोनवर वेळा कळवतो, नूपुर भरते. काम सोडलं नाही, हा माझा मोठेपणा. दोन ओळींत बसवायचं, माणसाला वाचायला जेमतेम तीन सेकंद. तिथे माझ्यासारखाच लागतो. मी आयुष्यभर सांगत आलो, जे आहे तेच लिहा, माशीला माशी मारा, आपली अक्कल पाजळू नका.

शेवटच्या ओळीशी आलो. नूपुर बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली. मी सांगितलं, लिही, 'अप्पच्ची, मी लगेच येते.'

ती म्हणाली, "ती असं म्हणत नाहीये, बाबा."

म्हटलं, काय म्हणते ते मला कळतं. पण मूळ काय? मूळ पुस्तक. पुस्तकात ती जात नाही. सिनेमात ती जाते, ते मला थांबवता येत नाही, पण जाते ती नदीवर पाण्याला गेली असं समजेल ना माणूस! पुस्तकाची अब्रू राहील. लेखकाशी इमान राखायचं की त्या मान वळवणाऱ्याशी?

"तिने बांबू जमिनीवर टाकलेत."

"येताना उचलेल!"

नूपुरने टाइप केलं. मग विचारलं, "लहान असताना मला काय शिकवायचात तुम्ही? ऐकशील तेच बोल."

तू लहान होतीस, म्हटलं. तिने लॅपटॉप मिटला, हळूच, आवाज न करता. मला आपटलेला परवडला असता.

७ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते सलग लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

नूपुर दुपारीच दादरला गेली, तयारीला. मला न्यायला पाच वाजता टॅक्सी येणार, समोरच्या मीराबाई मला धरून खाली आणणार, असं ठरलेलं. चारच्या सुमारास धनेशचा फोन. "काका, तुम्हाला आधी सांगितलेलं बरं. शेवटची लाइन नूपुरने चेंज केलीय. सिनेमात आहे तशी. मी तिला म्हटलं, काकांना विचार. ती म्हणाली, नाही विचारणार. मला खोटं वागायचं नाही तुमच्याशी, म्हणून सांगतोय."

माझं नाव जाणार पडद्यावर! माझ्या नावाखाली माझ्याच घरातून माझ्याच विरुद्ध! आपलेच दात, आपलेच ओठ. मी सदरा चढवला, वहाणा घातल्या आणि निघालो. मीराबाई दारातून ओरडल्या, "गंगाधरराव, अहो एकटे कुठे? थांबा, मी येते!" म्हटलं, थांबायला वेळ नाही. जिना उतरलो, नाका ओलांडला, दादरची बस धरली. बसायला जागा नव्हती. एका मुलीने उठून जागा देऊ केली, तिला म्हटलं बस तू, मी रागात आहे. परळच्या सिग्नलला बस इतकी रखडली की उतरून चालत जावंसं वाटलं.

सभागृह दुसऱ्या मजल्यावर. वर पोचलो तर दिवे मालवलेले, सिनेमा सुरू. नूपुर कुठे दिसेना. शेवटच्या रांगेत मिळाली ती खुर्ची घेतली. शेजारी एक जाडसर गृहस्थ, हातात वडापाव. म्हटलं शेवटाआधी धनेशला गाठून बंद करवतो. पण लोक माझ्या ओळी वाचत होते. वैद्य रोग्याला खडसावतो तिथे हसले, माझ्या शब्दावर हसले. सोमावती मुळ्या कुटताना गाते तिथे कोणी खोकलंसुद्धा नाही. मला उठवेना.

मग फाटक. करोलिस. ओसरी. मान वळली.

खाली अक्षरं आली. 'अप्पच्ची, तुम्हाला दिसत होतं.'

शेजारचा गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "च्यायला, थेरड्याला दिसत होतं!"

मी म्हटलं, "तोंड सांभाळा. म्हातारा माणूस आहे. ती गेल्यावर त्याला कोण बघणार?"

"अहो मग तसं बोलायचं ना पोरीला! सांगायचं, मला भीती वाटते. आंधळ्याचं सोंग कशाला?"

"सोंग नाही ते!" मी ओरडलो. पुढच्या दोन रांगा वळल्या. "तुम्हाला काय माहीत? दिसतही असेल थोडं, पण बायको गेल्यावर घरात... माणसाला जेव्हा..."  तो म्हणाला, "बरं काका, पाणी घेता का?" आणि बाटली पुढे केली. मी घेतली नाही.

दिवे लागले. टाळ्या. नूपुरने मला पाहिलं आणि खुर्च्यांमधून धावत आली. मी तिला बोलायचं ते सगळं बोललो, लोकांदेखत. विश्वास, नाव, इमान, सगळं. ती ऐकत होती, पण भलतंच विचारलं.

"कसे आलात?"

"बसने."

"मीराबाई कुठेत?"

"घरी! मी एकटा आलो. उभ्याने आलो. दोन मजले चढून आलो, तू काय दिवे लावलेस ते बघायला!"

"चक्कर?"

"चक्कर कसली! डोकं फिरलंय माझं तुझ्यामुळे!"

ती माझ्याकडे बघत राहिली. पायांकडे, वहाणांकडे, परत तोंडाकडे. धनेश मागे उभा होता, तो खुर्च्या सरळ करायला लागला. मला वाटलं, आता ती माफी मागेल. ती म्हणाली, "बाबा, उद्या आम्ही लग्नाची नोटीस देतोय."

ह्याचा त्याच्याशी काय संबंध? मी विचारलं तसं. ती धनेशबरोबर खुर्च्या सरळ करायला लागली.

८ डिसेंबर, सोमवार

दिली नोटीस. मी विचारलं, माझं काय? म्हणाली, डबा ठरवलाय, मीराबाई डोकावतील, मी एक दिवसाआड येईन, लालबाग काही कोलंबो नाही. सगळं ठरवून बसलेली. आवाज चढवला नाही, रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

म्हटलं, त्या दिग्दर्शकाने तुझं डोकं फिरवलं. तर म्हणाली, "बाबा, त्याने काही नाही केलं. मला आधीपासून माहीत होतं." काय माहीत होतं, ते विचारलं नाही. हल्ली सगळ्यांना सगळं माहीत असतं.

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी नूपुरने साडी नेसली. पद्मजाची नारिंगी. म्हणाली, येताय का, गाडी आहे. मी म्हटलं, बघतो. खुर्चीत बसून राहिलो. आज चक्कर यायला हवी होती. नेमकी आज. वाट पाहिली. खोली जागच्या जागी. खिडकीत कबुतर बसलं होतं, तेही स्पष्ट दिसत होतं, मानेवरचं हिरवंजांभळंसुद्धा. चीड आली. ती गेल्यावर कपडे केले आणि स्वतःची टॅक्सी करून फोर्टला गेलो.

विवाह नोंदणी कार्यालयात गर्दी. तीन साक्षीदार लागतात. धनेशचा भाऊ होता, नूपुरच्या ऑफिसातली दर्शना होती. तिसरं कोणी नव्हतं. सोसायटीचा कोणीतरी येणार होता म्हणे, पण मला ते पटलं नाही, कारण कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं. कारकुनाने विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, मुलीचा बाप. तिसरी सही मी केली. रागातच केली, पेन कागदात रुतलं. धनेश वाकून नमस्कार करायला लागला, त्याला म्हटलं, सरळ उभा राहा, आणि हिला बोंबील फार खायला घालू नकोस, पित्त होतं.

बाहेर पायऱ्यांवर आलो. त्यांना लालबागला जायचं होतं, धनेशची आई औक्षणाला ताट घेऊन थांबलेली. पण ही पोरगी माझ्यासाठीच टॅक्सी शोधायला लागली. आधी बाबांना गिरगावात सोडू, वर नेऊ, मग जाऊ. माझा कोपर धरला. तिकडे ती बाई ताटकळणार, इकडे ह्यांचं लग्न नुकतं लागलंय, काही पोच आहे का! मी कोपर सोडवून घेतला आणि भर रस्त्यात खेकसलो, "मी एकटा जाईन. तुम्ही निघा!"

तर नूपुर रडायलाच लागली. फुटपाथवर, लोकांदेखत, धनेशच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके. नोंदणी कचेरीत नाही रडली, मला सोडून जाताना नाही रडली, आणि एवढ्यासाठी रडली.

मी फार मोठ्याने बोललो म्हणून असेल. खरं तर तिला माझ्या ओरडण्याची सवय आहे.